अनुसूयेचा ताळा

बंडोपंतांनी कानामागची लाल-निळी पेन्सिल काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि लेकीनं पुढं केलेला कागद मांडीवरच्या फळीवर नीट बसवला. समोर अनुसूया बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. ओसरीच्या खांबाला टेकून गंगूताई बसल्या होत्या. गंगूताई म्हणजे बंडोपंतांच्या थोरल्या बहीण, वसमतेहून संक्रांतीसाठी म्हणून आलेल्या. पण नुसत्या तिळगुळासाठी त्या दोन मुक्काम करणाऱ्या नव्हत्या, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

कागदावर तीन आकडे एकाखाली एक मांडले होते. आठवड्याच्या चाचण्यांची सरासरी अठ्ठ्याहत्तर, तिमाही चौसष्ट, सहामाही अडतीस. सगळे शंभरापैकी, सगळे गणिताचे. खाली रेघ, रेघेखाली बेरीज, बेरजेला तीनानं भागलेलं आणि शेवटी दुहेरी रेघ मारून साठ.

बंडोपंतांचा डोळा पहिल्यांदा उत्तरावर गेला नाही. तो अडतीसवर जाऊन अडकला.

"सहामाहीला अडतीस?"

"पेपरच्या दिवशी हिवताप होता, अण्णा. दोन गोधड्या घेऊन बसले होते."

"हिवतापाला मार्क नसतात."

अनुसूयेनं मान हलवली. तिनंही ते सबब म्हणून सांगितलं नव्हतं, विचारलं म्हणून सांगितलं होतं. आत पार्वतीबाई तीळ भाजत होत्या, त्यांचा हात मात्र क्षणभर थांबला. एवढ्या थंडीच्या दिवसांत लेक तापानं फणफणली आणि आपल्याला पत्रातून एका ओळीनंही कळलं नाही, हे त्यांना लागलं. पण नवऱ्याच्या हातात पेन्सिल असताना मध्ये बोलायचं नाही, एवढं त्या बावीस वर्षांच्या संसारात शिकल्या होत्या.

ती पेन्सिल अख्ख्या औंढ्यात प्रसिद्ध होती. नागनाथाच्या देवळामागं बंडोपंतांची मराठी शाळा वीस वर्षं चालली होती आणि वीस वर्षांत त्यांनी एकही चुकीचं गणित पुढं जाऊ दिलं नव्हतं. बरोबर असेल त्यावर लाल खूण, चुकलं असेल त्याखाली निळी रेघ. निळी रेघ आली की पोरानं पाटी पुसायची आणि पहिल्यापासून मांडायची, मग तो पोरगा देशमुखांचा असो की पुजाऱ्यांचा. पेन्सिलीचं निळं टोक नेहमी लालच्या आधी झिजायचं.

त्यातही नुसतं उत्तर बरोबर येऊन भागत नसे, त्याखाली ताळा लिहावा लागे. आकड्यांतल्या अंकांची बेरीज करत जायचं, नऊ भरले की टाकून द्यायचे, आणि उरेल ते दोन्हीकडं सारखं यायला हवं. वाडवडिलांचा नवाचा ताळा. ताळा न लिहिणाऱ्याचा अर्धा मार्क कापला जाई. कुंभारगल्लीच्या तोंडाशी राहणारा सोनाजी तसा चौथीला अर्ध्या मार्कानं नापास झाला, बापानं त्याला शाळेतून काढून बैलामागं लावलं, आणि आज तो भाड्यानं छकडा हाकत होता. गुरुजी दिसले की अजूनही रामराम घालून म्हणायचा, आमचा अर्धा मार्क तुमच्याकडं जमा हाय बरं का. बंडोपंत हसायचे आणि पुढं जायचे. नियम म्हणजे नियम, त्याला ते तरी काय करणार?

तर असा माणूस. आणि या माणसानं आषाढात, याच ओसरीवर, सगळ्यांच्या देखत शब्द दिला होता.

त्याचं असं झालं. अनुसूया हैदराबादला मामाकडं राहून मॅट्रिक झाली, आणि गंगूताईंनी लगेच स्थळ आणलं. त्यांच्या दिराचा मुलगा सूर्यकांत, वसमतेच्या तहसिलीत कारकून. मुलगा नावं ठेवण्यासारखा नव्हता. निर्व्यसनी, बोलायला मऊ, आणि दोन घरं सोडली तर सगळी वसमत त्याला चांगलं म्हणायची. पण त्या घरात सुनेनं कॉलेजात जाणं बसणारं नव्हतं. आणि अनुसूयेला इंटरला गणित घ्यायचं होतं. गंगूताई म्हणाल्या, पोरीच्या जातीला गणित घेऊन काय करायचंय, घरात किती पोळ्या लाटल्या ते मोजता आलं की झालं. बंडोपंतांचा पारा चढला. उर्दू, इंग्रजी, इतिहास यांचं मी धरत नाही, ते म्हणाले. गणिताचं धरतो. सहामाहीपर्यंत गणितात ती साठावर असेल, म्हणजे पहिल्या वर्गात, तर ती शिकेल. साठाला एक कमी पडला तर माघात अक्षता. गंगूताईंनी ती अट तिथंच पदरात बांधून घेतली. साठ मार्क म्हणजे काय झाडाला लागतात? पोरगी चाळिशीत येईल आणि माघात मांडव पडेल, असा त्यांचा साधा अंदाज होता.

बंडोपंतांचाही अंदाज साधा होता. पोरगी सत्तरीच्या खाली यायचीच नाही. अट घातली ती तिला अडवायला नव्हतीच. उद्या कुणी म्हणू नये की बापानं लाड केले, म्हणून घातलेली. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, पार्वतीबाईंनाही नाही. बोलून दाखवलं की शब्दाचं वजन कमी होतं, असं त्यांचं मत.

"काहून रे बंडू, एवढा वेळ लागून राहिला?" गंगूताई म्हणाल्या. "आणि हे बघ, पौषात बोलणी करत नाहीत हे मला कळतं. मी बोलणी करून नाही राहिले. नुसतं विचारून राहिले. तिकडं सूर्यकांताला परभणीचं एक स्थळ सांगून आलंय, त्यांना पौष सरायच्या आत काहीतरी कळवायला पाहिजे."

"बघतोय, अक्का."

ते बघू लागले. अठ्ठ्याहत्तर आणि चौसष्ट एकशे बेचाळीस, त्यात अडतीस, एकशे ऐंशी. साठ त्रिक एकशे ऐंशी. बेरीज चोख. खाली ताळाही लिहिला होता, त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीनं, उजव्या कोपऱ्यात चौकट करून. अठ्ठ्याहत्तरचे सहा, चौसष्टचा एक, अडतीसचे दोन. मिळून नऊ, म्हणजे शून्य. एकशे ऐंशीचंही शून्य. शून्याला शून्य, ताळा जुळला. अक्षर मोत्यासारखं. बंडोपंतांच्या मिशीखाली हसू आलंच होतं. साठ! काठावर का होईना, पण साठ!

त्यांनी पेन्सिलीचं लाल टोक कागदावर टेकवलं आणि सवयीनं म्हणाले, "मूळ कागद दे."

अनुसूयेनं कॉलेजचा नतिज्याचा, म्हणजे निकालाचा, कागद पुढं केला. छापील, उर्दूत, कोपऱ्यात गोल शिक्का, तारीख सरकारी फसली सालातली. त्या घरात उर्दू वाचणारी माणसं दोनच, एक बाप आणि एक लेक. बंडोपंतांनी आकडे ताडून पाहिले. तिन्ही बराबर उतरवले होते. मग त्यांची नजर खाली गेली. तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती. शंभर हिश्शांपैकी चाचण्यांना दहा हिस्से, तिमाहीला वीस, सहामाहीला तीस, वार्षिकाला चाळीस.

त्यांनी ती ओळ एकदा वाचली, आणि मग बोट ठेवून पुन्हा वाचली.

म्हणजे तिन्ही परीक्षा सारख्या नव्हत्याच. ज्या चाचण्यांत पोरीनं अठ्ठ्याहत्तर मिळवले त्यांची किंमत सगळ्यांत कमी, आणि जिच्यात ती गोधड्या पांघरून बसली तिची सगळ्यांत जास्त. सरळ बेरीज करून तीनानं भागणं चूकच. बंडोपंतांना कागद लागला नाही. चाचण्यांचे दहात सात पूर्णांक आठ दशांश, तिमाहीचे विसात बारा पूर्णांक आठ, सहामाहीचे तिसात अकरा पूर्णांक चार. मिळून बत्तीस. साठात बत्तीस. शंभरावर धरलं तर त्रेपन्न आणि वर एक तृतीयांश.

साठ नव्हतेच. त्रेपन्न होते.

बंडोपंतांच्या हातातली पेन्सिल फिरली. लाल टोक वर गेलं, निळं खाली आलं. हे त्यांनी केलं नाही, वीस वर्षांच्या सवयीनं हातानं आपण होऊन केलं. चौथीतलं पोरगंसुद्धा अशी चूक करेल तर कान धरून उभं राहील, आणि हिनं करावी? हिनं, जी सातव्या वर्षी औटकी, साडेतिनाचा पाढा, म्हणत होती? त्यांनी मान वर करून लेकीकडं पाहिलं. ती त्यांच्याकडंच पाहत होती. डोळा चुकवत नव्हती, काही मागतही नव्हती. हिवतापानं गालाची हाडं वर आली होती, ते त्यांना आता दिसलं. चार दिवस झाले होते तिला घरी येऊन.

बोलायचं एवढंच होतं, की बाई, चुकलं, हिस्से धरले नाहीस. एक निळी रेघ आणि काम संपलं. माघात मांडव. सूर्यकांत वाईट मुलगा नव्हता. कुणी कुणाच्या घशात विष ओतत नव्हतं.

"काय रे?" गंगूताई पुढं सरकल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण माणसाचं तोंड वाचता येत होतं. "चुकलं का काही?"

"बेरीज बराबर आहे."

"मग पेन्सिल काहून अडली?"

गंगूताईंनी कागदाकडं बोट केलं. त्यांचे यजमान वसमतेला हळदीच्या अडतीत दिवाणजी होते, आणि चाळीस वर्षं त्या घरात राहून त्यांनाही हळदीतलं पुष्कळ कळत होतं.

"मला अडाणी बाईला एक सांग," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं माल आला की हळकुंड वेगळं, गट्टा वेगळा, चुरा वेगळा. तिन्हीचं वजन करतात, मग ढिगाचा भाव काढतात. मूठभर हळकुंड चांगलं निघालं म्हणून पोतंभर चुऱ्याला कुणी तो भाव देत नाही. तुझ्या ह्या तीन परीक्षा, ह्या सारख्या तोलाच्या आहेत व्हय?"

आत तीळ भाजायचा आवाज थांबला.

वीस वर्षांत बंडोपंतांना असा नेमका प्रश्न शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबानंही विचारला नव्हता. थोरली बहीण शाळेत गेली असती तर, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग दुसरं आलं. ती गेली नाही. तिला कुणी पाठवलंच नाही. आणि मग तिच्या शेजारी बसलेली सतरा वर्षांची आपली लेक त्यांना दिसली.

"अक्का," ते म्हणाले, "परीक्षा म्हणजे हळद नव्हे."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यात खोट काढून दाखवावी कुणी! परीक्षा म्हणजे हळद नव्हेच. बेरीज बराबर होती, तेही खरं. ताळा जुळत होता, तेही खरं. बंडोपंत एकही खोटं अक्षर बोलले नव्हते आणि तरी त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी पेन्सिल उलटी केली आणि कागदावर लाल खूण केली, रोजच्यापेक्षा जरा मोठीच.

"साठ," ते म्हणाले. "पोरगी शिकेल."

गंगूताई भावाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस बाबा, आम्हाला काय, आम्हाला सगळी हळदच दिसते. आणि त्यांनी तो कागद हातात घेऊन घडी घातली. हा मी घेऊन जाते, त्या म्हणाल्या. वसमतेत आमच्या लोकांना दाखवायला पाहिजे. नुसत्या माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही, पण ही लाल खूण बंडूची म्हटलं की कुणाच्या बापाची छाती नाही शंका घ्यायची.

कागद त्यांच्या कनवटीला गेला.

पुढचे तीन दिवस बंडोपंतांचे फार वाईट गेले. गंगूताई दुसऱ्या दिवशी परतल्या, जाताना भाचीच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून गेल्या. राग नव्हता त्यांच्या मनात, हाच तर त्रास होता. चिडल्या असत्या तर बंडोपंतांना बरं वाटलं असतं. शाळेत त्यांचं लक्ष लागेना. एका पोरानं ताळा न लिहिता पाटी पुढं केली तर त्यांनी तिच्यावर लाल खूण करून टाकली, आणि ते पोरगं बिचारं घाबरून आपण होऊन ताळा लिहून घेऊन आलं.

पण खोट्यावर लाल केलं, हे त्यांचं खरं दुखणं नव्हतं. ते त्यांनी गिळलं असतं. खरं दुखणं दुसरंच होतं. पोरगी हैदराबादला जाणार ती आपले साठ आहेत असं समजून. म्हणजे वार्षिकाला साठ मिळाले की पहिला वर्ग टिकला, असं धरून ती अभ्यास करणार. आणि खरा हिशेब काय होता? पहिल्या वर्गाला शंभर हिश्शांत साठ लागणार, त्यातले बत्तीस हातात. उरले अठ्ठावीस. वार्षिकाचे हिस्से चाळीस. चाळिसात अठ्ठावीस म्हणजे शंभरात सत्तर. साठावर ती निर्धास्त राहील आणि तिकडं दहा मार्कांनी तोंडावर पडेल. मग वसमतेचं घरही गेलेलं आणि पहिला वर्गही गेलेला. तिला सांगायला पाहिजे होतं. पण सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की तुझं गणित चुकलं होतं, मला दिसलं होतं आणि मी त्याच्यावर बराबरची खूण केली. कुठल्या तोंडानं सांगायचं? ज्या तोंडानं या पोरीला दुसरीत असताना, एक हातचा विसरली म्हणून, संध्याकाळपर्यंत पाटी घेऊन बसवलं होतं, त्या तोंडानं?

रोज जेवताना ते सांगायचं ठरवत आणि रोज ताक पिऊन उठत. एकदा त्यांनी सुरुवातही केली, अनू, त्या दिवशीचा तुझा तो कागद, म्हणाले. ती म्हणाली, काय अण्णा? ते म्हणाले, अक्षर चांगलं होतं.

पार्वतीबाईंनी मान खाली घालून पोळी वाढली. त्यांच्या तोंडावर हसू होतं की काय, ते बंडोपंतांना कळलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अनुसूया निघाली. चोंढी स्टेशनापर्यंत सोनाजीचा छकडा सांगितला होता, तिथून पूर्णेला गाडी बदलून हैदराबाद. पार्वतीबाईंनी बरोबर तिळाचे लाडू दिले, एक जास्तीची गोधडी दिली आणि हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांची पुडी तिच्या हातात कोंबून, रोज एक, न विसरता, असं तीनदा बजावलं. बंडोपंत पोचवायला निघाले. दर वेळी मामा येऊन नेत असे, या वेळी मी जातो, म्हणाले.

थंडी कडक होती. जवळा बाजारचा फाटा मागं पडला, ज्वारीची शेतं दोन्ही अंगांना लागली, कणसं भरत आलेली. सोनाजी गोणपाट पांघरून पुढं बसला होता आणि बैलांशी त्याचं काहीबाही बोलणं चाललं होतं. मागं बाप-लेक, मध्ये ट्रंक. दोन कोस गेले तरी बंडोपंतांचं तोंड उघडेना. नेहमी हा माणूस वाटेत दिसेल त्या झाडांची, गुरांची, मैलाच्या दगडांची गणितं घालायचा. लेकीनं दोनदा त्यांच्याकडं वळून पाहिलं.

शेवटी सोनाजीनंच तोंड घातलं.

"ताईसाब, तिकडं कालेजात किती मार्काला पास करून राहिले?"

"तेहतीसला," अनुसूया म्हणाली. "का रे, सोनाजीदादा?"

"न्हाई, आपलं इचारलं. तिकडं अर्ध्यासाठी काय सूट हाय का?" तो मागं वळून हसला. "आमचं तेवढ्यानंच हुकलं न्हाई का! उत्तर बराबर व्हतं बगा माजं. ताळाबी केला व्हता, पर मनात केला व्हता. ल्हेला न्हाई." आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "असू द्या. मास्तरांची बी काय तकलीफ. नेम म्हंजी नेम."

बंडोपंतांनी उपरणं गळ्याभोवती घट्ट केलं. एरवी ते हसले असते. आज हसू फुटेना. ताळा मनात केला होता, ही गोष्ट ते पंधरा वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होते. खरं तर आधीही तो म्हणाला असेल, पण त्यांनी ऐकलं नव्हतं.

आता मात्र सांगायलाच पाहिजे होतं. स्टेशन कोसावर आलं होतं. बंडोपंतांनी घसा साफ केला. सरळ सांगणं काही जमणार नाही, हे त्यांनी ओळखलं. मास्तराला जमतं ते एकच, प्रश्न विचारणं. प्रश्न विचारायचा, ती साठ म्हणेल, मग आपण म्हणायचं, पुन्हा मांड बघू, हिस्से धरून मांड. चूक तिच्याकडूनच काढून घ्यायची. शाळेत असंच करतात. आपण खूण का केली ते तिनं विचारलं तर मग बघू.

"अनू," ते म्हणाले, आणि ट्रंकेच्या कडीकडं बघत पुढं म्हणाले, "पहिला वर्ग राहायला वार्षिकाला किती लागतील गं तुला?"

"सत्तर."

ती थांबली नाही. बोटांवर मोजलं नाही, वर बघितलं नाही, ओठ हलवले नाहीत. जणू कुणी तिला तिचं नाव विचारलं होतं.

छकड्याचं चाक एका दगडावर चढून खाली आलं. बंडोपंतांनी मनात पुन्हा सगळं मांडलं. सात आठ दशांश, बारा आठ दशांश, अकरा चार दशांश, बत्तीस, अठ्ठावीस, चाळीस. सत्तर. मग तिच्याकडं पाहिलं. ती समोर ज्वारीकडं बघत होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, थेट बापासारख्या.

"कधीपासून ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"कागद हातात पडला त्या दिवसापासून." मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही मूळ कागद मागणार, हेही ठाऊक होतं."

मूळ कागद तिनं लपवला नव्हता. फाडला नव्हता, हैदराबादला विसरला नव्हता. मागितल्याबरोबर पुढं केला होता. बेरीज आत्यासमोर मांडली आणि निकाल बापाच्या पेन्सिलीवर सोडून दिला. निळी रेघ आली असती तर ती निमूटपणे माघातल्या मांडवात जाऊन उभी राहिली असती, हेही त्यांना तिथंच, त्या छकड्यात, लख्ख कळलं. रागवायला पाहिजे, असं एकदा वाटलं, पण रागवायचं नेमकं कुणावर, तेच ठरेना.

समोर स्टेशनाचं कौलारू छप्पर दिसू लागलं. सोनाजीनं बैलांना हाळी दिली. बंडोपंतांचा हात कानामागं गेला, पेन्सिल चाचपून परत आला.

"सत्तर म्हणजे थोडे नाहीत," ते म्हणाले. "आणि थंडी अजून गेलेली नाही. पुन्हा ताप आला तर?"

अनुसूया त्यांच्याकडं वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळी हसली.

"हिवतापाला मार्क नसतात, अण्णा."

बंडोपंतांनी उपरण्यानं डोळे पुसले. थंडीचं वारं फार झोंबत होतं.

"बराबर," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनी ताळा करून पाहिला नाही.